वीज परत कधी आली?

पत्र:

"मी डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वय ५२. पाळी जाऊन दीड वर्ष झालं, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. दोन वर्षांपासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. साडेनऊला आडवी होते, सहाला उठते, मधलं सगळं ऐकते. परवाच्या रात्रीचं सांगते. दीडला पाऊस कौलांवर आदळला, अडीचला वीज गेली नि पंखा थांबला, चारला शेजारचा कुत्रा भुंकला, साडेपाचला पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पों-पों. झोपलेल्या माणसाला हे कळेल का? यजमान म्हणतात, 'घोरत होतीस गो तू.' ते घोरणं मीही ऐकलंय, माझंच. म्हणजे जागीच होते ना? रात्री पाय वळवळतात, भिंतीला टेकवून गार करते. मुलाने मनगटावर घड्याळ बांधलं, ते सहा तास चाळीस मिनिटं दाखवतं. शेवटी एका इस्पितळात रात्रभर वायरी लावून तपासणी केली. सकाळी मी सांगितलं, फार तर तासभर डोळा लागला असेल. रिपोर्टात सहा तास दहा मिनिटं! डॉक्टर हसून म्हणाले, 'बाई, छान झोपता की तुम्ही. तो भास आहे तुमचा.' तेव्हापासून घरात हा विनोदच झालाय. दुपारी शाळेतून आल्यावर दोन ते चार पडते, तेवढाच आराम. सर्दीची गोळी घेऊन पाहिली. बहिणीच्या अल्प्राझोलामची अर्धी गोळी आठवड्यातून दोन-तीनदा घेते, त्या रात्री बरं वाटतं. मी खोटं बोलते का? की वेड लागतंय मला? रिपोर्टातले आकडे उतरवून देते: रेकॉर्डिंग ८ तास, झोप ६ तास १० मिनिटं, झोप लागायला २४ मिनिटं, अरौजल तासाला २६, ए.एच.आय. १२, पायांच्या हालचाली तासाला २२, प्राणवायू सर्वांत कमी ८६ टक्के."

उत्तर:

बाई,

शिक्षिकेला 'ताई' म्हणायला माझी जीभ वळत नाही, तेव्हा बाईच म्हणते.

तुम्ही खोटं बोलत नाही. वेडही लागलेलं नाही. आणि रिपोर्टही खोटा नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. कशा ते तुमच्या डॉक्टरांनी हसण्यात घालवलेल्या दोन मिनिटांत सांगून झालं असतं. तसं झालं नाही, म्हणून मला आज एवढं लांब लिहावं लागतंय.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. दीडला पाऊस आला. थांबला कधी? अडीचला वीज गेली. परत कधी आली? पत्रात नाही. पंखा थांबलेला तुम्हाला कळला, पुन्हा फिरायला लागलेला कळला नाही. पावसाळ्यात गेलेली वीज सकाळपर्यंत येतच नाही असंही असेल, त्यावर मी पैज लावणार नाही. पण अडीच ते चार या दीड तासात काय झालं? चार ते साडेपाच? तुमच्याकडे रात्रीच्या चार खुंट्या आहेत, चारही पक्क्या. त्यांच्यावर तुम्ही रात्रभराच्या जागरणाची चादर टाकलीत. खुंट्यांच्या मधे चादर कशावर टेकलीय, ते पाहायला हवं.

झोपेचा हिशेब आपण झोपेत ठेवत नाही, जाग आल्यावर मागे वळून ठेवतो. ज्या आठवणींच्या वहीतून तो ठेवायचा, ती वही झोप लागली की मिटते. एवढंच नाही, झोप लागण्याआधीची शेवटची काही मिनिटंही तिच्यात नीट उमटत नाहीत. म्हणून गाढ झोपणारा माणूस सांगतो, उशीला डोकं टेकलं नि झोपलो. बिचारा पंधरा मिनिटं कूस बदलत होता, ते त्याच्या वहीत नाही. तुमचं याच्या उलट होतं. झोप लागते, दहा-पंधरा मिनिटांत मोडते, पुन्हा लागते, पुन्हा मोडते. दोनदा जाग येण्याच्या मधला तुकडा कोरा. मन त्या दोन टोकांना टाका घालतं, आणि सकाळी हातात येतो सलग जागरणाचा कपडा. झोपेचा तुकडा फार लहान असला, तर पुष्कळ लोकांना तो झोप वाटतच नाही.

माझ्या आजोळी फोंडा तालुक्यात श्रावणात भजनी सप्ताह असतो. अखंड भजन, घराघरांच्या पाळ्या वाटलेल्या. आमच्या घराकडे पहाटे तीनची पाळी यायची. मामा झांज घेऊन बसायचे नि दुसऱ्या अभंगाला त्यांची हनुवटी छातीला टेकायची. अख्खा अभंग संपायचा. कोणी खांद्याला हात लावला की ताडकन म्हणायचे, "अरे, म्हणतोच आहे मी!" ते थापा मारत नव्हते. त्यांच्या लेखी ते गातच होते. घरोघरी हेच टी.व्ही.पुढे चालतं: वडील घोरताहेत म्हणून टी.व्ही. बंद करावा, तर "बघतोय ना मी, बंद का केलास?" झोपेच्या पहिल्या पातळ थरातून उठवलेला माणूस पुष्कळदा शपथेवर सांगतो की आपण जागे होतो. त्या थरात कान उघडे असतात, विचार चालू असतात, आणि स्वतःचं घोरणंही ऐकू येतं. तुम्ही तुमचं घोरणं ऐकलंत, यजमानांनीही ऐकलं. त्या वादात दोघांचाही विजय झाला आहे.

(पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे ना, समोर बाई मागे कललेली, हे हात पसरून उभे? कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा पाद्री पॅरिसात जाऊन संमोहनाच्या ज्या अवस्थेवर व्याख्यानं देत होता, तिला त्याने नावच 'लख्ख झोप' अशा अर्थाचं दिलं होतं. तुमचा प्रश्न संमोहनाचा नाही. पण जाग आणि झोप यांच्यात नुसती भिंत नसते, मधे ओसरीही असते, असं दोनशे वर्षांपूर्वी एक गोवेकर सांगत होता, एवढंच सांगायचा मोह झाला.)

आता यंत्राचं. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला चिकटवलेल्या वायरींनी मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि स्नायूंचा ताण टिपला जातो. मग ती रात्र तीस-तीस सेकंदांच्या पानांत कापतात. आठ तासांची ९६० पानं. प्रत्येक पानावर एकच शिक्का: जाग, किंवा झोपेची अमुक पायरी. तीस सेकंदांत जे अर्ध्याहून जास्त, त्याचा शिक्का. म्हणजे बारा सेकंद तुम्ही टक्क जाग्या असलात, तरी त्या पानावर 'झोप' लिहिलं जातं. हे चुकीचं नाही, मोजायला कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण अशी बारा-बारा सेकंदं रात्रभर पेरलेली असली, तर ती बेरजेत दिसत नाहीत. ती दिसतात 'अरौजल' या ओळीत. त्याच्याकडे मी येतेच.

शिवाय अशा तक्रारी असलेल्या काही लोकांच्या झोपेत, ती नियमाप्रमाणे झोपच असली तरी, जागेपणाची वेगवान लय जास्त मिसळलेली सापडते. मेंदूचा एक भाग निजलेला, दुसरा पहाऱ्यावर. आपल्याकडे याला 'सावध झोप' म्हणतात. लहान मूल कुशीत असलेल्या बाईची झोप तशी असते, तिला कोणी 'भास' म्हणत नाही.

डॉक्टरांना हे जुनंच ठाऊक आहे. १९७६ साली स्टॅनफर्डच्या मेरी कार्सकेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निद्रानाशाची तक्रार असलेल्या, कुठलंही औषध न घेणाऱ्या १२२ लोकांच्या सांगण्याची प्रयोगशाळेतल्या नोंदींशी तुलना केली. झोप लागायला किती वेळ लागला, ते लोक वाढवून सांगत होते आणि एकूण झोप कमी करून. या गोष्टीचं नाव मात्र सारखं बदलत राहिलं. १९९० च्या वर्गीकरणात ती 'स्लीप स्टेट मिसपर्सेप्शन' झाली, म्हणजे झोपेबद्दलचा गैरसमज. २००५ मध्ये 'पॅराडॉक्सिकल इन्सोम्निया'. २०१४ मध्ये ते वेगळं खातंच बंद करून तिला दीर्घकालीन निद्रानाशात जमा केलं. मला हे शेवटचं आवडलं. कारण थोडाफार फरक बहुतेक सगळ्याच निद्रानाशवाल्यांत असतो, त्याची वेगळी जात नाही. आणि 'गैरसमज' हे नाव पेशंटला नव्हे, डॉक्टरला झोपवतं. ते लिहिलं की पुढे शोधायचं थांबतं.

तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं. आकडे पाहा, तुम्हीच उतरवून दिलेत. आठ तासांतून सहा तास दहा मिनिटं वजा केली की एक तास पन्नास मिनिटं उरतात. झोप लागायच्या आधीची चोवीस मिनिटं सोडली, तर जवळजवळ दीड तास तुम्ही मधे जाग्या होतात, आणि हे रिपोर्टच म्हणतोय. निद्रानाश म्हणायला साधारण अर्ध्या तासाहून जास्त जाग, आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने, एवढं पुरतं. 'छान झोपता' हे वाक्य डॉक्टरांनी कुठल्या पानावरून वाचलं, मला समजलं नाही.

अरौजल तासाला २६. अरौजल म्हणजे मेंदूच्या लहरींत निदान तीन सेकंदांची जाग. धडधाकट माणसालाही तासाला दहा-पंधरा येतात, वयाबरोबर वाढतात, आणि त्याला त्या आठवत नाहीत. तुमच्या सहा तास दहा मिनिटांत २६ च्या दराने एकशे साठ झाल्या. एकशे साठ वेळा ज्या बाईची झोप हलवली जाते, तिला सकाळी वाटलं की आपण झोपलोच नाही, तर तिचा भास फारसा भास नव्हे.

हलवतंय कोण, हा खरा प्रश्न. तुमच्या कागदावर दोन संशयित आहेत.

पहिला श्वास. ए.एच.आय. १२ म्हणजे झोपेच्या दर तासाला बारा वेळा, प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद, तुमचा श्वास थांबला किंवा अपुरा पडला. घशाचे स्नायू झोपेत सैल पडतात, वाट अरुंद होते, घोरणं त्याचाच आवाज. प्राणवायू उतरतो (तुमचा ८६ पर्यंत उतरला), मेंदू क्षणभर जागा होऊन घसा ताणतो, पुन्हा झोप. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. ५ ते १५ 'सौम्य', १५ ते ३० 'मध्यम', त्यापुढे 'तीव्र'. १२ म्हणजे सौम्य, म्हणून डॉक्टरांनी बाजूला सारलं असावं. पण १२ ही रात्रीची सरासरी आहे. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेममध्ये, स्नायू सर्वांत ढिले असतात. बायकांमध्ये श्वासाचा हा घोळ पुष्कळदा त्या टप्प्यातच एकवटलेला सापडतो. पूर्ण रिपोर्टात रेममधला आणि उताणं झोपतानाचा आकडा वेगवेगळा छापलेला असतो. तो शोधा. तिथे ३५ दिसला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

ॲप्नियाचा पेशंट म्हटला की डोळ्यांपुढे येतो जाड मानेचा, बसमध्ये घोरणारा पुरुष. बाई येते ती वेगळी तक्रार घेऊन: झोप लागत नाही, थकवा, सकाळी डोकं जड, चिडचिड. पाळी गेल्यावर तिचा धोका वाढतो. तिला निद्रानाशाची गोळी मिळते, नाहीतर 'टेन्शन घेऊ नका' मिळतं. निद्रानाश आणि ॲप्निया एकत्र नांदतात हे ख्रिश्चन गिल्मिनो आणि सहकाऱ्यांनी १९७३ सालीच छापलं होतं. पुढे कित्येक वर्षं हे दोन आजार दोन वेगळ्या ओ.पी.डी.त वाटले गेले आणि मधे माणूस पडला. आता त्या जोडीला 'कोमिसा' असं आद्याक्षरी नाव आहे. ॲप्नियाच्या रुग्णांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत लोक निद्रानाशाचीही तक्रार सांगतात, तेव्हा तुम्ही काही अपूर्वाईच्या नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, हेही याच खात्यात टिपून ठेवा. उपचार न झालेला ॲप्निया रक्तदाबाला आवर घालू देत नाही.

दुसरा संशयित पाय. इथे दोन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. संध्याकाळनंतर, स्वस्थ बसलं किंवा पडलं की पायांत वळवळ, ओढ, हलवल्याशिवाय चैन नाही, हलवले की तात्पुरतं बरं: हे जागेपणी जाणवतं. त्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात, स्वीडनच्या एकबोम यांनी १९४५ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. दुसरी गोष्ट म्हणजे झोपेत ठरावीक अंतराने पाय झटकले जाणं. ते तुम्हाला कळत नाही, यजमानांच्या नडगीला कळतं. तासाला १५ च्या वर गेलं की लक्ष द्यावं, तुमचे २२ आहेत. ज्यांना पहिलं असतं त्यांच्यात दुसरं बहुधा असतंच.

यासाठी एक रक्ततपासणी करा: फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन चांगलं असूनही फेरिटिन तळाला असू शकतं, आणि पाळी जाण्याआधीची काही वर्षं रक्तस्राव जास्त होत असेल तर असतंच म्हणा. लॅबच्या कागदावर १५-२० च्या पुढे 'नॉर्मल' छापलेलं असतं. पायांच्या या तक्रारीत मात्र ७५ पर्यंत असलं तरी लोह द्यायचा विचार करतात. आकडा पाहिल्याशिवाय स्वतःहून गोळ्या सुरू करू नका. आणि ती सर्दीची गोळी आजपासून बंद. सर्दीवरची गुंगी आणणारी औषधं ही वळवळ वाढवतात. झोपेसाठी घेतलेल्या गोळीने पायच जागवले, असं रात्रीमागून रात्र चाललं असेल. फेरिटिनबरोबर थायरॉइड आणि साखरही पाहून घ्या. रात्री एकदम अंग तापून घाम सुटतो का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. सुटत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा, त्यावर इलाज आहेत.

मनगटावरच्या घड्याळाला या भांडणात साक्षीला बोलावू नका, ना तुमच्या बाजूने ना यजमानांच्या. ते मुख्यतः हालचालीवरून नि नाडीवरून अंदाज बांधतं. तुम्ही छताकडे पाहत निपचित पडून राहिलात, तर ते खुशाल झोप म्हणून लिहितं. काढून ठेवा. भिंतीवरचं घड्याळही झोपायच्या खोलीतून हलवा आणि मोबाइल बाहेर. "दीडला, अडीचला, चारला" हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे दर वेळी जाग आली की तुम्ही घड्याळ पाहता. पाहिलं की आकडेमोड होते: आता फक्त साडेतीन तास राहिले, उद्या शाळेत इन्स्पेक्शन आहे. ती आकडेमोडच माणसाला पुरती जागी करते, आणि जाग आल्याची वेळ ठळक छापून ठेवते. तुमच्या खुंट्या अशा ठोकल्या जातात. कूस बदलून पुन्हा झोपणाऱ्याकडे खुंटीच नसते.

बहिणीची गोळी. रागावत नाही, पण सरळ सांगते. अल्प्राझोलाम हे एच-१ यादीतलं औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीवर घ्यायचं तर नाहीच. ज्याचा घसा झोपेत मिटतो त्याने गुंगीची गोळी घेणं, तेही श्वासाची बाजू न पाहता, बरं नव्हे. आणि गंमत सांगू? त्या रात्री 'बरं वाटतं' याचं एक कारण असं की या गोळ्या नव्या आठवणी उमटू देत नाहीत. झोप थोडी वाढते, पण त्याहून जास्त पुसली जाते ती जाग आल्याची आठवण. तुम्ही अर्धी गोळी आठवड्यातून दोन-तीनदाच घेता, तरी आता भेटाल त्या डॉक्टरांना सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने सोडा. रोज घेणाऱ्या कुणी वाचत असाल, तर एकदम बंद करू नका. ती हळूहळू उतरवायची असते. यजमानांचा 'घोटभर फेणी घे, झोप लागेल' हा सल्ला पत्रात नाही, पण गोव्यात तो कुठल्या घरात दिला जात नाही? झोप लवकर लागते खरी, उत्तररात्र मोडते आणि घसा आणखी सैल होतो.

आता यजमानांसाठी एक काम. सकाळी चहाच्या वेळी 'घोरत होतीस' म्हणून डाव जिंकण्याऐवजी, दोन-तीन रात्री मोबाइलवर पाच-दहा मिनिटांचं चित्रण करून ठेवा. चेहरा, छाती, पाय, आवाज. घोरणं मधेच थांबून शांतता, मग एकदम धाप लागल्यासारखा श्वास असं दिसलं, तर डॉक्टरला ते शंभर शब्दांहून उपयोगी. उताणी असताना जास्त आणि कुशीवर कमी, असं दिसलं तर आजपासून कुशीवर झोपायची सवय लावता येईल.

मग श्वासाचं काय करायचं ते श्वसनविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ ठरवतील. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, जा किंवा खासगीत जा, पण रिपोर्टची सगळी पानं न्या, नुसतं शेवटचं नको. सौम्य ॲप्नियाला सगळ्यांना यंत्र लागतं असं नाही. वजन, कूस, नाक चोंदलेलं असेल तर त्याचा इलाज, दाताच्या डॉक्टरकडून जबडा पुढे धरणारं साधन, आणि तक्रारी टिकल्याच तर सीपॅप: नाकावर मुखवटा, हवेच्या दाबाने घसा उघडा. हे यंत्र कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत शोधून १९८१ मध्ये जगापुढे मांडलं. निद्रानाश असलेल्यांना तो मुखवटा जड जातो, कारण जागं पडून ते त्याच्याकडेच लक्ष देत राहतात. म्हणून निद्रानाशाचा उपचार आधी किंवा बरोबरीने केला, तर यंत्र जास्त जणांच्या पचनी पडतं, असं काही चाचण्यांत दिसलंय.

निद्रानाशाचा तो उपचार म्हणजे गोळी नव्हे. सी.बी.टी.-आय. नावाची वागणुकीची पद्धत, सहा ते आठ भेटींची. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशाला हाच पहिला उपचार म्हणून सांगितलं. शिकवायला मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ लागतो. बांबोळीला मनोविकार संस्था आहेच. तिथल्या फाटकातून आत गेलं की वेड लागलं असं समजणारी पिढी आता निवृत्त व्हायला हरकत नाही. उदास वाटणं, कशात मन न लागणं, असं काही असेल तर तेही तिथे मोकळेपणाने बोला.

पद्धतीतला सर्वांत कडू डोस असा. तुम्ही साडेनऊ ते सहा, साडेआठ तास गादीवर असता, वर दुपारचे दोन. साडेदहा तासांच्या ताटात सहा तासांचा भात पसरला, तर तो पातळच दिसणार. गादीवरचा वेळ आवळायचा. साधारणपणे तो पेशंटच्या स्वतःच्या झोपेच्या नोंदीवरून ठरवतात, पण तुमच्या नोंदीने तुम्हाला रात्री एक तास गादी मिळेल! तेव्हा वायरींचा आकडा धरायचा, साधारण सव्वासहा तास. समजा, पावणेबारा ते सहा. आठवडाभर त्यातला बहुतेक वेळ, म्हणजे ८५ टक्क्यांहून जास्त, झोपेत जातोय असं वाटलं की पंधरा मिनिटं वाढवायची. सकाळी एकदाच वहीत अंदाज लिहायचा, रात्री नाही. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे मिटायला लागले की परत. एक ताकीद मात्र द्यायलाच हवी: पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते. तुम्ही शाळेत स्कूटरने जात असाल आणि वाटेत डोळे जड होत असतील, तर हे सुरू करू नका, आधी श्वासाचं निस्तरा. फिट किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनीही डॉक्टरांशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

दुपारची झोप. गोव्यात राहून तिच्याविरुद्ध लिहायचं म्हणजे दगड खायची तयारी हवी. दीडला दुकानांची फळ्यांची दारं बंद होतात, ती उगीच नव्हे. ज्याला रात्री झोप येते त्याने खुशाल पडावं. तुम्ही मात्र दुपारी दोन तासांत रात्रीची भूक मारून घेता. सहा आठवड्यांसाठी वीस मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून, आणि शक्यतो आरामखुर्चीत.

एक शेवटचं, घरच्या विनोदाबद्दल. काही लोकांना आपल्या नोंदीतला नि यंत्रातला फरक समजावून, हळुवारपणे दाखवला, की त्यांची काळजी कमी होते आणि झोपेबद्दलचा अंदाजही सुधारतो. हाच फरक 'बघ, झोपली होतीस' म्हणून तोंडावर मारला, की माणूस स्वतःच्या बाजूने पुरावे गोळा करायला रात्रभर कान टवकारून पडतो. तुम्ही पाऊस, वीज, कुत्रा, पोदेर एवढे साक्षीदार जमवलेत, ते कुणामुळे, ते यजमानांना हे पत्र वाचायला दिल्यावर कळेल.

गादीचं वेळापत्रक आत्ता लगेच सुरू करू नका. गणपतीची चवथ तोंडावर आली आहे, घरात पाहुणे, गणपतीवर फळाफुलांची माटोळी, रात्री अकरापर्यंत आरत्या नि भजनं, कोणाचं अंथरूण कुठे याचा पत्ता नसतो. फेरिटिन, चित्रण आणि श्वासाची अपॉइंटमेंट एवढं आधी उरका. वेळापत्रक विसर्जन झालं, पाहुणे गेले, की त्या सोमवारपासून. घड्याळ मात्र आज रात्रीच काढा.